काकांचा पालथा हात

काकांना कुठल्याही खोलीत नेलं की ते आधी खाली बसत. मग ती खोली हॉटेलची असो, बँकेच्या मॅनेजरची असो की इस्पितळातली. काखेतला छोटा पाट जमिनीवर ठेवायचा, त्यावर मांडी घालायची, डोळे मिटायचे आणि दहा मिनिटं कुणाशी बोलायचं नाही. नव्या साइटवरचे लोक घाबरत. एका कारखान्याच्या ऑफिसात तर साहेबांच्या सेक्रेटरीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "त्यांना चक्कर आलीये का? पाणी देऊ?" मी म्हटलं, "नाही हो, ते काम करतायत."

आमचं काम तसं कुणाच्या नजरेत न भरणारं. मोठ्या इमारतीत तळघरातलं एक यंत्र पाणी गार करतं आणि ते पाणी नळ्यांमधून खोलीखोलीत जातं. प्रत्येक खोलीसाठी छतात एक पेटी लपवलेली असते, तिला फॅन कॉइल म्हणतात. आत गार पाण्याची वेटोळी, मागे पंखा. भिंतीवरचा थर्मोस्टॅट खोलीचा अंदाज घेतो आणि त्याप्रमाणे पेटीतल्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो नाहीतर मिटतो. हे थर्मोस्टॅट बसवायचे, जुळवायचे आणि खोल्या मालकाच्या ताब्यात द्यायच्या, हा आमच्या कंपनीचा धंदा. कंपनी म्हणजे तरी काय, अंबरनाथच्या एमआयडीसीत पत्र्याची एक शेड, चौदा माणसं आणि उल्हासनगरचा एक सिंधी शेठ. मी नव्वदीच्या सुरुवातीला डिप्लोमा करून तिथे लागले, सहा-सहा महिन्यांच्या पत्रावर. काका माझ्या आधी दहा-बारा वर्षं तिथे होते.

उंच, काटकुळा माणूस. भर मे महिन्यात गळ्याला मफलर. घर वांगणीला, जात्याच शेतकरी, आगरी. भाताची थोडी जमीन होती ती भाऊ बघायचा. काकांनी आधी बर्फाच्या कारखान्यात नोकरी केली, मग मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत थर्मोस्टॅट जुळवायला शिकले. ते जुन्या पद्धतीचे थर्मोस्टॅट हवेच्या दाबावर चालायचे, भिंतीवर बसल्या बसल्या फुस्स फुस्स करायचे. काका त्यांच्याशी बोलायचे. "गप गो बाय, गप. एवढी कशाला तापतेस?" असं म्हणत बारीक स्क्रू पाव आटा फिरवायचे. मलाही ते बायच म्हणायचे, त्यामुळे पहिले काही दिवस ते माझ्याशी बोलतायत की भिंतीशी, हे मला कळायचं नाही.

काकांच्या तोंडी एक प्रश्न कायम असे: "थोडा म्हंजे किती?"

चहा थोडा गार आहे म्हटलं, की हा प्रश्न. गाडी थोडी उशिरा आली म्हटलं, की हा प्रश्न. एकदा मी म्हटलं, "काका, आज माझं डोकं थोडं दुखतंय." काका गंभीरपणे म्हणाले, "थोडं म्हंजे किती? कालच्या परीस जास्त का कमी?" मला हसू आलं आणि रागही आला. पण खरं सांगते, त्या प्रश्नाची मला सवय झाली. आजही कुणी 'थोडं' म्हटलं की तो प्रश्न माझ्या जिभेवर येतो आणि मी तो गिळते.

खोलीत दहा मिनिटं बसून झालं की काका उजवा हात पुढे करायचे, पालथा. आधी उशाच्या उंचीवर, मग जाळीसमोर, मग खिडकीपाशी. आणि आकडा सांगायचे. "साडेतेवीस." मग खिशातलं काचेचं थर्मामीटर काढून दोरीला लटकवायचे आणि आम्ही सगळे वाट बघत बसायचो. पाऱ्याला वेळ लागतो. पण पारा यायचा तो साडेतेवीसवरच. क्वचित तेवीसवर आला, तर काका थर्मामीटरकडे संशयाने बघत.

हे कुठे शिकलात, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाले, "आंब्याच्या अढीत." त्यांचे वडील पेंढ्यात आंबे पिकत घालायचे आणि रोज सकाळी अढीत पालथा हात घालून आंबे कधी काढायचे ते सांगायचे. तळहात कामाने राठ झालेला असतो, त्याला काही कळत नाही, पालथ्या हाताची कातडी कोवळी राहते. काका सात-आठ वर्षांचे असल्यापासून वडिलांच्या मागोमाग हात घालायचे आणि चुकलं की टपली खायचे. "तवा आकडा ठाऊक नव्हता, बाय. आकडा मागून आला," असं म्हणायचे.

माझ्या पहिल्या वर्षी ते मला अंबरनाथच्या शिवमंदिरात घेऊन गेले होते, जेवणाच्या सुट्टीत. आमचं घर बौद्ध, मी देवळात फारशी जात नाही, हे मी त्यांना सांगितलं. म्हणाले, "देवाला नको भेटू. खोलीला भेट." मंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात गेलं की बाहेरचा उन्हाळा संपतो. तिथे काकांनी पालथा हात धरला आणि म्हणाले, "पंचवीस. भायेर सदतीस हाय. नवशे वरसं झाली, एक स्क्रू कुनी फिरवला नाय." मग माझा हात पुढे करायला लावला. मला काही पंचवीस-बिंचवीस कळलं नाही, नुसतं बरं वाटलं. तसं सांगितल्यावर म्हणाले, "बरं वाटलं नां? ते धरून ठेव. आकडा येल."

त्यांची एक वही होती, लाल पुठ्ठ्याची, शाळेतली. प्रत्येक साइटची प्रत्येक खोली तिच्यात लिहिलेली. सेटिंगच्या तक्त्यात आम्ही खोली क्रमांक आणि अंश एवढंच भरायचो. काका वहीत लिहायचे, 'पूर्वेची खिडकी, सकाळी ऊन, साहेब जाडा, तेवीस.' नाहीतर 'दोन म्हाताऱ्या बसतात, वारा अंगावर नको, पंचवीस.' खोलीला ते नंबराने ओळखतच नसत. त्यांचं म्हणणं, भिंतीला थंडी वाजत नाही, माणसाला वाजते, तेव्हा माणूस लिहून ठेवावा.

मग कंप्युटर आला. आता थर्मोस्टॅटच्या जागी भिंतीवर नुसतं एक बटणाएवढं सेन्सर, आणि छतातल्या पेटीत हिरव्या पट्टीचा कंट्रोलर. प्रत्येक कंट्रोलरला आपला नंबर द्यावा लागे. त्यासाठी त्यावर आठ इवलेसे स्विच असत, ते स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने वर-खाली करायचे. मग तळघरातल्या स्क्रीनवर सगळ्या खोल्या ओळीने दिसायच्या, आणि कुठल्या खोलीला किती अंश हवेत ते तिथूनच सांगता यायचं. स्विच लावायचं काम माझ्याकडे आलं. शिकलेली मुलगी म्हणून शेठनी ते मला दिलं आणि मी फुशारले. काका खोलीत पाटावर बसायचे आणि मी स्क्रीनसमोर खुर्चीत.

आता मला जे सांगायचंय ते सांगायला मी इतका वेळ टाळाटाळ करतेय, हे माझं मलाच दिसतंय.

काकांना साखरेचा आजार होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. डब्यात भाकरी आणि पालेभाजी, शेठला मुलगा झाला तेव्हाही त्यांनी पेढा खिशात ठेवला होता. पण एकदा मे महिन्यात ते एमआयडीसीच्या डांबरी रस्त्यावरून एका पायात चप्पल घालून आले. दुसरी कुठे पडली ते त्यांना माहीत नव्हतं. वॉचमन हसला, काकाही हसले, मीही हसले. डांबर त्या दिवशी वितळत होतं. एक पाय अनवाणी आहे हे त्यांना कळलं कसं नाही, असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही.

त्याच सुमाराला काकांनी एक रीत बदलली होती. आधी ते आकडा सांगायचे आणि मग मला विचारायचे. आता म्हणायचे, "आधी तू सांग." मी हात धरायचे, म्हणायचे, "चोवीस?" ते डोळे मिटून म्हणायचे, "बघू." मग थर्मामीटर लटकायचं. असं तीन वर्षं चाललं. मला वाटायचं, काका मला तयार करतायत. आणि मी खरंच तयार होत होते. शेवटी शेवटी माझा आकडा अर्ध्या अंशाने चुकायचा, बस. घरी आईला सांगायचे, काका मला त्यांची विद्या देतायत.

उल्हासनगरातल्या एका खाजगी इस्पितळाचं काम होतं. चार मजले, नवीन इमारत, आता ती तिथे नाही. तिथे एका दुपारी काकांनी खिशातून थर्मामीटर काढलं, अंगठा आणि बोटात धरलं, आणि ते निसटून फरशीवर फुटलं. पारा घरंगळत गेला. मी खाली वाकले आणि वर बघितलं तर काकांची चिमूट तशीच होती, हवेत. थर्मामीटर हातात आहे अशी. ते खिडकीकडे बघत दोरी शोधत होते.

"काका," मी म्हटलं, "पडलं ते."

त्यांनी बोटांकडे पाहिलं. मग पाटावर बसले. मी कागदावर पारा गोळा करत होते आणि माझं मलाच ते तीन वर्षांचं 'आधी तू सांग' आठवत होतं.

"बोटं गेली, बाय," काका म्हणाले. "पाय तर आधीच गेले. पालथा हात हाय अजून, पन तो कवा खरा बोलतो, कवा खोटा, मना समजत नाय. म्हनून तुला इचारायचो."

मी पाऱ्याच्या कागदाची पुडी बांधली. रडू येत होतं.

"शेठला बोलू नको," ते म्हणाले. "या हातावर लोक मना ओलखतात. दुसरं काय हाय माझ्याकडं?"

मी वचन दिलं. ते मी शेवटपर्यंत पाळलं, त्यात माझी काही फुशारकी नाही. मोडलं ते दुसरंच.

काकांनी शेठकडे नवीन थर्मामीटर मागितलं. शेठ माणूस वाईट नव्हता, पण इस्पितळाच्या उद्घाटनाची घाई होती. म्हणाला, "काका, आता काच कशाला पाहिजे साईं? लाखाचा कंप्युटर बसवलाय ना खाली. तो झूठ बोलता है क्या?" काका केबिनमधून बाहेर आले आणि पाट उचलून जिन्याकडे गेले.

शेवटच्या दिवशी मी तळघरात स्क्रीनवर, काका वर तिसऱ्या मजल्यावर, दोघांच्या मधे इंटरकॉम. माझ्या मागे शेठ हातातल्या किल्ल्या वाजवत उभा. मी एकेका खोलीला नवा आकडा द्यायचा, काकांनी खोलीत बसून फरक पडला का सांगायचं, मग दोघांनी टेस्ट शीटवर सही करायची. आधी एका बाजूच्या, सम नंबरांच्या खोल्या घेतल्या. तीनशे आठला मी बावीसवरून चोवीस दिलं. स्क्रीनवर तीनशे आठ हळूहळू चढली आणि चोवीसवर थांबली.

काकांचा फोन आला. "बाय, हितं काय बदललं नाय."

"किती वाटतंय काका?"

"बावीसच हाय."

"स्क्रीनवर चोवीस आहे. माझ्या डोळ्यांसमोर चढलं."

पाट सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तू वर येऊन बघ जरा. तुझा हात लाव."

मी मागे शेठकडे पाहिलं. चार जिने होते. "काका, अजून अकरा खोल्या राहिल्यात," मी म्हटलं. "स्क्रीनवर बरोबर आहे. तुमचा... तुम्हाला तसं वाटत असेल."

'तुमचा हात' असं मी म्हणणार होते. मधेच थांबले, पण काकांना ते ऐकू गेलं असणारच.

"बरं," ते म्हणाले. "चोवीस लिव."

त्यानंतरच्या अकरा खोल्यांत त्यांनी स्वतःचा आकडा सांगितला नाही. मी आकडा सांगायचे, ते "लिव" म्हणायचे. तीनशे सात त्या अकरांतच होती.

उद्घाटनानंतर पाचव्या दिवशी इस्पितळातून फोन आला. तीनशे आठमध्ये बाळंतीण होती. खोली फार गार आहे म्हणून नर्सने खाली कळवलं, तळघरातल्या माणसाने तीनशे आठचे अंश वाढवले. थोड्या वेळाने समोरच्या तीनशे सातमधले ऑपरेशन झालेले आजोबा उकडतंय म्हणून ओरडले. त्याने तीनशे सातचे कमी केले. तीनशे आठ आणखी गार झाली. नर्सने पुन्हा कळवलं, त्याने पुन्हा वाढवले. दोन दिवस हे चाललं होतं. बाळाला दुपट्यात दुपटी गुंडाळली तरी त्याचं अंग गार पडायला लागलं, पावलं निळसर दिसली, आणि डॉक्टरांनी त्याला काचपेटीत हलवलं.

काका आणि मी गेलो. मी पॅसेजमध्ये घडीच्या शिडीचा घोडा लावला, वर चढले, छताची झडप उघडली. तीनशे सात आणि तीनशे आठच्या पेट्या त्या पॅसेजच्या छतात समोरासमोर होत्या. तीनशे आठच्या पेटीला मी तीनशे सातचा नंबर दिला होता आणि सातच्या पेटीला आठचा. पेटीतून निघणारी हवेची नळी कुठल्या खोलीत जाते ते मी बघितलंच नव्हतं, डावी-उजवी धरून स्विच लावले होते. बाळाच्या खोलीला दिलेले अंश आजोबांच्या खोलीत जात होते आणि आजोबांचे बाळाच्या. स्क्रीन खोटं बोलत नव्हता, तो फक्त चुकीच्या खोलीबद्दल बोलत होता.

दोन मिनिटांत मी स्विच फिरवले. कुणाला दिसलं नाही. काका खाली घोड्याचा पाय धरून उभे होते.

"काय झालं व्हतं गो?"

"सेटिंग हललं होतं," मी म्हटलं.

मी खाली उतरले. काका माझ्याकडे बघत होते. "बाय, एक सांग. तवा मी बावीस बोललो. माझा हात बरोबर व्हता का?"

तिथे 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. बाबांचा कारखाना बंद पडून वर्ष झालं होतं, विठ्ठलवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत पाच माणसं होती, आणि माझं कायम नोकरीचं पत्र शेठच्या टेबलावर सहीला पडलं होतं. हे सगळं खरं आहे आणि ह्यातलं काहीच पुरेसं नाही. मी म्हटलं, "माहीत नाही काका. स्क्रीनवर तर चोवीसच होतं."

काकांनी मान हलवली आणि घोडा मिटायला लागले.

शेठच्या केबिनमध्ये टेस्ट शीट टेबलावर होती. इस्पितळाचा माणूस येऊन आरडाओरडा करून गेला होता. शेठने माझ्या सहीवर बोट ठेवलं. "स्विच इसने लगाए. मैंने पहले ही बोला था, लडकी को अकेला मत दो. काका, आता तुम्हीच सांगा, काय करू मी हिचं?"

मी तोंड उघडलं असावं. मी बोलणार होते की नाही, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. त्याआधी काका बोलले.

"खोलीत मी बसलो व्हतो, शेठ. हिने स्क्रीन बघितला, स्क्रीन बरोबर व्हता. खोली माझी व्हती." त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, वह्या तपासायला ठेवाव्यात तसे. "माझ्या हाताला कलत नाय. तीन वरसं झाली. मी लपवलं."

शेठने त्या हातांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "काका, ये क्या बोल रहे हो आप." काकांनी पुन्हा तेच वाक्य सांगितलं, आधीच्याच आवाजात. ज्या वाक्यासाठी त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं ते त्यांनी माझ्यादेखत दोनदा उच्चारलं, आणि मी टेस्ट शीटचा कोपरा दुमडत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशीपासून काका आले नाहीत. शेठने माणूस पाठवला, परत या, स्टोअरमध्ये बसा म्हणून निरोप दिला. काकांनी नम्रपणे नको म्हणून कळवलं. बाळ दोन दिवसांत काचपेटीतून बाहेर आलं आणि आईबरोबर घरी गेलं, तेवढं एक चांगलं झालं. मला कायम नोकरीचं पत्र मिळालं. घरी आईने शेजारीपाजारी साखर वाटली.

महिनाभराने इस्पितळाच्या नेहमीच्या तपासणीला गेले तेव्हा मी कंप्युटरमधली जुनी नोंद काढली. त्या दिवशी, त्या वेळी, तीनशे सात नावाने दिसणारं सेन्सर काय दाखवत होतं? म्हणजे खरं तर बाळाच्या त्या खोलीतलं. बावीस. बावीसच्या वर ना खाली. काकांच्या हाताची नस मेली असेल, पण त्या दिवशी तो हात अर्ध्या अंशानेही चुकला नव्हता.

काकांची लाल वही स्टोअरच्या फळीवर राहिली होती. ती मी उघडली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, '३०८. बाळंतिणीची खोली. माझा हात बावीस. बाय बोलते चोवीस. चोवीस.' त्याखाली अकरा खोल्या, आणि प्रत्येकीपुढे तेच. बाय बोलते तेवीस. बाय बोलते चोवीस. खिडकी कुठे, ऊन कधी, माणूस कोण, यातलं काही नाही.

तरी वांगणीला जायला मला दोन वर्षं लागली. रोज ठरवायचे, रोज काहीतरी निघायचं. शेवटी एका रविवारी गेले, मनाशी वाक्य पाठ करून: काका, स्विच मी उलटे लावले होते, तुमचा हात बरोबर होता. घराच्या ओट्यावर काका बसले होते, पायाला पट्ट्या. मला बघून इतके आनंदले की काकूला हाका मारून घर डोक्यावर घेतलं. मीच त्यांच्या हाताखाली तयार झालेली, मीच आता सगळ्या साइट बघते, हे काकूला तीनदा सांगितलं.

त्यांची तीन वर्षांची नात आत झोपली होती. काकू तिला उचलून बाहेर घेऊन आली. "आज तरी बघा ओ जरा, पोरीचं अंग गरम लागतंय." काकांनी दोन्ही हात काखेत घातले. "मना कशाला इचारतेस?" ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ही बघल. हिचा हात खरा हाय."

मी पोरीच्या कपाळाला पालथा हात लावला. "थोडा आहे," मी म्हटलं.

काकांचे डोळे चमकले. "थोडा म्हंजे किती?"

"शंभर."

काकूने आतून तापाचं थर्मामीटर आणलं. पारा शंभरच्या वर एक-दोन रेघा होता. काका मांडीवर थाप मारून हसले. "बघ! बघितलंस? माझी विद्या कुठं जात नाय." ते इतके खूश होते की पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं. आज नको, पुढच्या वेळी, असं मी स्वतःला समजावलं. त्यांच्या आनंदावर विरजण नको म्हणून गप्प बसले, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. खरं कारण भित्रेपणा होता.

पुढची वेळ आली नाही. पायाची जखम वर चढत गेली आणि थंडीच्या दिवसांत काका गेले. मला कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता.

मी काकूला भेटायला गेले. ओट्यावर तोच पाट भिंतीला टेकवून ठेवला होता. लाल वही मी बरोबर नेली होती, ती तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. स्विच, सात आणि आठ, बावीस, पॅसेजमध्ये काकांनी मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते. सांगताना मी थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. काकूला कंप्युटरचं काही समजलं नसेल. पण मुद्द्याचं होतं ते तिला बरोबर समजलं.

"म्हंजे त्यांचा हात बरोबर व्हता?" तिने विचारलं.

"हो."

तिने वहीवरून हात फिरवला. माझ्यावर ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"त्यांना सांगाला पायजे व्हतंस गो," ती म्हणाली. "काम सोडून आले त्या दिसापासून पोरीच्या कपालाला हात नाय लावला त्यांनी. पोर तापाने फणफणली तरी लांब बसायचे. बोलायचे, माझा हात चुकला नं एक पोर मरता मरता वाचलंय."

नात अंगणात खेळत होती. काकूने तिला चहाच्या कपबश्या आत न्यायला सांगितल्या. मी निघाले. स्टेशनवर तिकिटासाठी पैसे काढायला गेले तेव्हा लक्षात आलं, माझे दोन्ही हात मी काखेत घालून चालत आले होते.